समासातला 'कशावरून?'

ताई,
मी मालवण तालुक्यातली. बारावीपर्यंत माझे निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या. आता रत्नागिरीला होस्टेलवर राहून एफवाय बीए करतेय. आम्हाला इंग्रजीत ॲकॅडेमिक रायटिंगचा पेपर आहे. सरांनी 'तुमच्या भागातला एक वाद' यावर हजार शब्दांचा एसे लिहायला सांगितला. बाबांची होडी आहे म्हणून मी पर्ससीन जाळ्याने होणाऱ्या मासेमारीवर लिहिला. वीसपैकी सात मिळाले. समासात लाल पेनाने 'कशावरून?', 'कोण म्हणतं?', 'मुद्दा काय?' असं पानोपानी लिहिलंय. दोन परिच्छेद नेटवरून घेतले होते, त्यांच्याखाली रेघ मारून 'हे तुझं नाही' असा शेरा आहे. शेवटी लिहिलंय, 'चांगली भाषा. पण हा ॲकॅडेमिक एसे नाही. पुन्हा लिही.' माझ्या रूममेटने एआयकडून लिहून घेतला, तिला तेरा. थीसिस स्टेटमेंट म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. 'आय' वापरायचा नाही म्हणतात. मग बाबा-काका जे सांगतात ते लिहायचंच नाही का? ते खोटं आहे का? माझं इंग्रजी कच्चं आहे, की मला लिहिताच येत नाही? पहिल्या पानाचा फोटो जोडलाय.
– एक विद्यार्थिनी

बाय,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुला लिहिता येतं. फोटोतलं पान मी नीट वाचलं. इंग्रजीच्या चुका आहेत, पण एफवायच्या कुठल्याही मुलाच्या असतात तेवढ्याच. सरांनी मार्क कापलेत ते इंग्रजीचे नव्हेत, त्यांनी स्वतःच 'चांगली भाषा' लिहून ठेवलंय. आणि एवढा मोठा वर्ग असताना ज्या माणसाने तुझ्या पानोपानी प्रश्न विचारलेत, त्याने तुझा निबंध खरोखर वाचलाय. कितीतरी ठिकाणी नुसती टिकमार्क होते आणि मुलं खूश असतात.

शाळेत तुला जे मार्क मिळाले तेही खोटे नव्हते. 'मी समुद्र बोलतोय' किंवा 'माझा आवडता ऋतू' लिहायला देतात तेव्हा परीक्षकाला तुझ्याकडून काही नवीन कळून घ्यायचं नसतं. मुलीची भाषा कशी चालते एवढंच त्याला बघायचं असतं. सुरुवातीला काव्यपंक्ती, मधे दोन-तीन अलंकार, शेवटी उज्ज्वल भविष्य, झाला निबंध. समुद्राला आई म्हटलंस तर तिथे कोणी पुरावा मागत नाही. कॉलेजात मागतात. खेळ बदललाय, आणि बदललाय हे मुलांना आधी कोणी सांगत नाही. बारावीचा निकाल लागतो, ॲडमिशनची धावपळ होते, आणि नियम वेगळे आहेत हे थेट लाल शाईतून कळतं. याचा मला राग आहे, पण तो तुझ्या सरांवर नाही.

आता तुझा पहिला परिच्छेद घेऊ. तो इंग्रजीत आहे, इथे सगळ्यांसाठी मराठीत देते:

'प्राचीन काळापासून मानवाचे आणि समुद्राचे अतूट नाते आहे. समुद्र ही मच्छीमारांची आई आहे. पण आजच्या आधुनिक युगात पर्ससीन, ट्रॉलर आणि एलईडी लाइटच्या मासेमारीने समुद्रातील सर्व मासे संपवले आहेत. गरीब मच्छीमार उपाशी मरत आहे. म्हणून सरकारने यावर कठोर पावले उचलली पाहिजेत.'

पहिली दोन वाक्यं काढून टाकली तर काही बिघडतं का? नाही बिघडत. मग ती नकोत. 'प्राचीन काळापासून' आणि 'आजच्या आधुनिक युगात' हे शब्द लिहिणाऱ्याला धीर देतात, वाचणाऱ्याला काही देत नाहीत.

तिसरं वाक्य मात्र मला खटकलं, कारण तू होडीवाल्याची मुलगी आहेस. पर्ससीन, ट्रॉलर आणि एलईडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पर्ससीनवाला माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा वेढा टाकतो आणि खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून तळ बंद करतो, त्यामुळे बांगडा, तारली असे थव्याने फिरणारे मासे एका फटक्यात सापडतात. ट्रॉलर जाळं तळाशी ओढत नेतो. एलईडीवाला प्रखर उजेड पाडून मासे एका जागी गोळा करतो. तिघांचं नुकसान करण्याचं तंत्र वेगळं, तिघांना लागू होणारे नियम वेगळे. तू तिघांना एका पोत्यात घातलंस, म्हणून सरांनी तिथे 'कशावरून?' लिहिलं. सगळे मासे संपले? मग मालवणच्या जेटीवर रोज लिलाव कशाचा होतो?

चौथ्या वाक्यातला गरीब मच्छीमार कोण? किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणवाला, पाण्यात उभं जाळं लावणारा गिलनेटवाला, की पर्ससीन बोटीवर पगारावर जाणारा खलाशी? तोही गरीबच आहे. पाचव्या वाक्यातली कठोर पावलं कुठली? सरकारने काहीच केलेलं नाही असं तुझ्या वाक्यातून वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघाला, आणि २०२१ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. हे सगळं तुझ्या बाबांना ठाऊक असणार. मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर भांडणं होतात. निबंधात मात्र त्यातलं अक्षर नाही. जे खरंच माहीत होतं ते तू बाहेर ठेवलंस आणि जे निबंधात शोभतं असं वाटलं ते आत घेतलंस.

थीसिस स्टेटमेंटचं एवढं काही नाही. सबंध निबंधात तुला जे एक म्हणणं सिद्ध करायचं आहे, ते एका वाक्यात. त्याची चाचणी सोपी आहे: या विषयातला जाणकार आणि भला माणूस त्या वाक्याला 'छे, मला नाही पटत' म्हणू शकतो का? 'मासेमारी कोकणासाठी महत्त्वाची आहे' याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून तो थीसिस नव्हे. 'पर्ससीन वाईट आहे' याला लोक नाही म्हणतील, पण वाईट म्हणजे काय तेच धड कळत नसल्यामुळे भांडण नुसतं गोल फिरत राहील. आता हे बघ: 'राज्याच्या हद्दीत पर्ससीनवर निर्बंध असूनही मालवण किनाऱ्यावरच्या रापणीला दिलासा मिळालेला नाही, कारण नियमात नव्हे तर अंमलबजावणीत उणीव आहे.' याला मत्स्यविभागातला अधिकारी हरकत घेईल. पर्ससीनवाला वेगळी हरकत घेईल. शास्त्रज्ञ तिसरीच घेईल, तो म्हणेल की मासे कमी होण्याचं कारण तुम्ही समजता ते नाहीच. एका वाक्यावर तीन दिशांनी हरकती येतात, म्हणजे त्यात जीव आहे. हे वाक्य खरं आहे असं मी म्हणत नाही हां. ते पुराव्याला टिकतं का हे तुला बघायचंय. पुरावे गोळा करताना ते टिकलं नाही तर वाक्य बदलायचं, पुरावे वाकवायचे नाहीत.

कोकणात जन्मलेल्या माणसाला हे कठीण जाऊ नये. आपल्याकडे हातभर जागेच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात. तिथे 'ही जागा आमच्या पूर्वजांच्या घामाने भिजलेली आहे' असं म्हणून भागत नाही. वकील विचारतो सातबारा कुठाय, फेरफार कुठाय, मोजणीचा नकाशा कुठाय, आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकून त्याला उत्तर द्यावं लागतं. तुझ्या निबंधात घाम भरपूर होता, सातबारा नव्हता.

मग बाबा-काकांचं काय? इथे तुझी मोठी गल्लत झाली आहे आणि ती अनेकांची होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांचं म्हणणं खोटं नाही आणि ते निबंधात नक्की यायला हवं. पण 'सगळे मच्छीमार म्हणतात की…' अशा रूपात ते आलं की त्याचा पुरावा उरत नाही, नुसती गजाल, म्हणजे गप्पा, होते. आपल्याकडे गजालीत कोणी फार फेकायला लागला की म्हातारी माणसं विचारतातच ना, 'ह्यां तुका कोणी सांगल्यान?' सरांनी समासात 'कोण म्हणतं?' लिहिलंय ते अगदी हेच. उत्तर दे की. अमुक गावचे गिलनेटधारक मच्छीमार, इतकी वर्षं व्यवसायात, अमुक तारखेला घेतलेली मुलाखत. एवढं लिहिलंस की तुझे बाबा निबंधातले अधिकृत साक्षीदार झाले.

पण साक्षीदाराला प्रश्न कसा विचारतेस त्यावर सगळं आहे. 'बाबा, पर्ससीनमुळे आपलं नुकसान झालं ना?' असं विचारलंस तर 'झालं तर!' एवढंच उत्तर येईल, कारण तू ते त्यांच्या तोंडात घातलंस. त्याऐवजी विचार: गेल्या हंगामात, म्हणजे पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टपासून मेपर्यंत, समुद्रात साधारण किती दिवस गेलात? त्यातले किती दिवस डिझेलचे पैसेसुद्धा सुटले नाहीत? पाच वर्षांपूर्वी कसं होतं? बांगडा कुठल्या महिन्यात मिळायचा, आता कधी मिळतो? पर्ससीन बोट किती वाव खोल पाण्यात दिसली, कुठल्या महिन्यात? महिना महत्त्वाचा आहे, कारण २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले होते. फेब्रुवारीत बोट दिसली असं बाबा म्हणाले तर ते नुसतं गाऱ्हाणं राहत नाही, तुझ्या अंमलबजावणीच्या मुद्द्याला थेट जाऊन भिडतं. मात्र एक तपास: बोट राज्याच्या हद्दीत होती का? राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्राचा. पलीकडे असेल तर मुद्दा बदलला. आणि विचारतेच आहेस तर आदेश आज कुठल्या रूपात लागू आहे तेही मत्स्यविभागाच्या कार्यालयातून पक्कं करून घे. नियम बदलत असतात.

डिझेलच्या पावत्या घरात असतील. लिलावाच्या नोंदी सोसायटीत असतील. मागून बघ, बापाच्या मुलीला कोणी नाही म्हणणार नाही. एका होडीच्या दोन हंगामांच्या पावत्या म्हणजे काही सिंधुदुर्गाचा इतिहास नव्हे, पण 'एका होडीपुरतं हे असं दिसतं' असं प्रामाणिकपणे लिहिलंस तर ते तुझ्या नेटवरच्या दोन परिच्छेदांपेक्षा कैकपटीने वजनदार आहे. वर्गात दुसऱ्या कोणाकडे ते नसणार.

एका होडीवरून जिल्ह्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून मोठे आकडे लागतात. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी राज्यवार आणि माशांच्या जातीवार किती मासळी किनाऱ्यावर उतरली याचे अंदाज प्रसिद्ध करते. राज्याचा मत्स्यविभाग उत्पादनाचे वार्षिक अहवाल काढतो. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. आणि तू रत्नागिरीतच आहेस. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासूनचं. तिथल्या प्राध्यापकांना ईमेल करून, वेळ घेऊन, एक नेमका प्रश्न विचारायला जा. 'पर्ससीनबद्दल सांगा' असं नको. 'तारलीचं प्रमाण वर्षावर्षाला एवढं खालीवर का होतं, त्यात जाळ्याचा वाटा किती आणि समुद्राच्या पाण्याचा किती?' असा. हा प्रश्न विचारायला गेलीस की एक गंमत होईल. तुला तुझ्या बाबांच्या विरोधात जाणारी माहितीही मिळेल. तारली हा लहरी मासा आहे, पाणी तापलं, पाऊस बदलला की त्याची पैदास बदलते, हे शास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगताहेत.

आणि इथेच शाळेचा निबंध पूर्णपणे मागे पडतो. विरोधातली माहिती लपवायची नाही. ती स्वतः पुढे आणायची, तिच्यात दम असेल तो मान्य करायचा, आणि तरीही आपलं म्हणणं का उरतं ते दाखवायचं. पर्ससीनवाल्यांची बाजूही तशीच. एका बोटीवर पंचवीस-तीस माणसं कामाला असतात, बर्फाचे कारखाने, टेम्पो, निर्यात त्यांच्यावर चालते, आणि काहींनी बँकेचं कर्ज काढून बोटी घेतल्यात. त्यांना खलनायक करून टाकलंस तर तुझा निबंध सोपा होईल आणि कच्चा होईल.

याचा फार सुंदर नमुना मूळच्या आपल्याच कोकणातल्या माणसाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ९ मे १९१६ ला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. विद्यार्थ्याचा निबंध, सेमिनारसाठी लिहिलेला, तुझ्यासारखाच. ज्या माणसाने जात अंगावर सोसली होती त्याला त्यावर आक्रोश करायचा हक्क होता. त्यांनी काय केलं बघ. आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या मांडल्या. हे केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. मग एकेक व्याख्या तपासली, कुठे तोकडी पडते ते सांगितलं. केतकरांना श्रेय दिलं, त्यांची व्याख्या बाकीच्यांपेक्षा सरस आहे म्हटलं, आणि मग त्यांचीच चूक काढली: केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात, जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, पण ती दोन नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आणि तिथून त्यांचा स्वतःचा मुद्दा निघतो, की जातीचं सार जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे. शेवटी तर ते म्हणतात की हा सिद्धांत कोणी चुकीचा ठरवून दाखवला तर मी तो सोडायला तयार आहे. पुढच्या वर्षी तो निबंध छापूनही आला. तो तुला इंटरनेटवर फुकट वाचायला मिळेल. समजायला थोडा जड आहे, पण पहिली काही पानं पेन्सिल घेऊन वाच आणि समासात फक्त एवढंच लिहीत जा: इथे दुसऱ्याचं म्हणणं, इथे तपासणी, इथे स्वतःचं म्हणणं. मला तरी ॲकॅडेमिक रायटिंगच्या कुठल्याही गाइडपेक्षा हा व्यायाम जास्त उपयोगी वाटतो.

आता ते दोन परिच्छेद. तिथे मी तुझी बाजू घेणार नाही. सरांनी रेघ मारून सोडलं हे नशीब समज. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियमच केलेत. त्यातल्या शिक्षा मुख्यतः प्रबंधांसाठी आहेत, तरी सवय एफवायलाच लागते. तू चोरीच्या इराद्याने केलं नसशील. शाळेत 'संदर्भ घेऊन लिहा' म्हणजे उतरवून काढा असंच चालतं, प्रकल्पांच्या वह्या आठव. उपाय असा: वेबसाइट किंवा अहवाल वाचायचा, लॅपटॉप बंद करायचा, आणि मग वहीत आठवून आपल्या शब्दांत लिहायचं. मराठीत, मालवणीत, कशातही. त्याच क्षणी शेजारी लेखक, वर्ष, पान, लिंक टिपून ठेवायची. 'नंतर शोधू' म्हटलेलं नंतर कधीच सापडत नाही, विशेषतः सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलचं वाय-फाय गेल्यावर. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हात घाल आणि कोणाचं ते सांग. संदर्भ एपीए पद्धतीने द्यायचे की एमएलए, हे सरांना विचार. एपीएत मजकुरात लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं, एमएलएत आडनाव आणि पान. दोन्हींत तत्त्व एकच, स्वल्पविराम वेगळे.

रूममेटच्या तेरा मार्कांबद्दल मी फार बोलणार नाही, ते तिचं ती बघेल. एआयबद्दल कॉलेजचा नियम काय आहे ते आधी विचारून घे, तो मोडू नकोस. त्यापलीकडे एवढंच सांगते की हे यंत्र नसलेल्या पुस्तकांची नावंसुद्धा ठामपणे देतं, आणि तुझ्या सरांसारखा 'कोण म्हणतं?' विचारणारा माणूस एक दिवस ते पुस्तक काढून दाखव म्हणेल. परवानगी असेल तर उलटं वापर: तुझा मुद्दा त्याला सांग आणि 'यावर पर्ससीन बोटीचा मालक काय हरकत घेईल?' असं विचार. हरकती कामाच्या वाटल्या तर त्यांची उत्तरं तू शोध.

'आय'चं विचारलं होतंस. काही विषयांत चालतो, काहींत नाही, काही सर तर त्यावरून उगाच अडून बसतात. विचारून घे आणि ते म्हणतील तसं कर, यात तत्त्वाचा प्रश्न नाही. मात्र 'आय' टाळायचा म्हणून 'इट इज बिलीव्ह्ड दॅट' अशी वाक्यं लिहू नकोस, त्यावर पुन्हा 'कोणाचा बिलीफ?' असा शेरा येईल.

इंग्रजीसाठी एकच सांगणं. सांगाडा मराठीत रच. तुझा थीसिस मराठीत एका वाक्यात, त्याखाली प्रत्येक परिच्छेदाचं काम मराठीत एकेका ओळीत: इथे पर्ससीन म्हणजे काय ते सांगते, इथे २०१६ चा आदेश, इथे बाबांची मुलाखत आणि पावत्या, इथे शास्त्रज्ञांची हरकत, इथे तिला उत्तर. एखाद्या परिच्छेदाचं काम ओळीत सांगता येत नसेल तर तो परिच्छेद दोन कामं करतोय, किंवा एकही करत नाही. हे जमलं की छोट्या इंग्रजी वाक्यांत लिही. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण काय म्हणायचं ते तोवर तुला स्वतःलाच पक्कं माहीत नसतं. समारोपात 'सरकारने पावले उचलावीत' येऊ देऊ नकोस. उचलायला हवं असं खरंच वाटत असेल तर कुठलं पाऊल, कोणी, कुठल्या कायद्याखाली, ते लिही. ते लिहिता येत नसेल तर तुझ्या पुराव्यांतून जेवढं निघतं तेवढ्यावर थांब.

पुढच्या ड्राफ्टआधी सरांना एकदा भेट. मार्कांचं गाऱ्हाणं घेऊन नको, एका कागदावर थीसिसचं एक वाक्य लिहून ने आणि 'सर, हे चालेल का?' एवढं विचार. बहुतेक सरांना असा प्रश्न वर्षभरात कोणी विचारलेला नसतो. लाज वाटत असेल तर ती रूमवर ठेवून जा.

एक राहिलं. बाबांची मुलाखत निबंधात घालण्याआधी त्यांना काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखव आणि परवानगी घे. कुठली बोट कुठल्या महिन्यात दिसली असं त्यांनी सांगितलं असेल तर त्यांना त्याच बंदरात, त्याच लोकांमध्ये रोज उतरायचंय. बोटींची नावं आणि नंबर गाळ. बाबा नको म्हणाले तर त्यांचंही नाव घालू नकोस, 'मालवण तालुक्यातील एक गिलनेटधारक मच्छीमार' एवढं लिहून खाली मुलाखतीची तारीख दिली तरी सर ती मान्य करतील. तसं करणार असलीस तर तेही त्यांना आधीच सांगून ठेव.